नळीवरचे नाव आणि घडवणारे हात

काही वर्षांपूर्वी एका संध्याकाळी आमच्या युनियनच्या कचेरीत एक निवृत्त माग-कामगार आला. वय सत्तरीच्या आसपास, हातात धोतराच्या फडक्यात गुंडाळलेली काहीतरी जड वस्तू. दार लावून घेण्याची त्याने खूण केली आणि फडके सोडले. आत एक जुने, गंजलेले रिव्हॉल्व्हर होते. आजोबांच्या पेटीत ते सापडले होते. आजोबा मुंबईस कोणा साहेबाकडे चाकरीला होते, एवढीच माहिती घरात होती. कोणा जाणत्याने त्याला सांगितले होते की, अशा वस्तूला विलायतेत लाखो रुपये मिळतात, कारण नळीवर 'कोल्ट' असे नाव आहे. घरावर कर्ज होते. त्याने आम्हाला विचारले, "भाऊ, किती येतील ह्याचे?"

आम्ही प्रथम ती वस्तू भिंतीकडे तोंड करून टेबलावर ठेवायला सांगितले. मग म्हटले, "काका, किंमत राहू द्या. हे घेऊन तुम्ही अंबाडी नाक्यावरून चालत आलात, एवढ्यावरही तुमच्यावर खटला होऊ शकला असता." तो घाबरला. त्या रात्री पुढे काय झाले ते लेखाच्या शेवटी सांगू. परंतु त्या निमित्ताने ह्या विषयाचे जे वाचन आमच्याकडून घडले, ते वाचकांपुढे ठेवावे असे वाटते. आमचे शालेय शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे शिक्षण मागावर, दुरुस्तीच्या कामात आणि वाचनालयात झाले. तेव्हा विद्वत्तेचा आमचा दावा नाही. यंत्र हाताळलेल्या माणसाने यंत्राविषयी लिहावे, इतकाच ह्या लेखाचा अधिकार.

रिव्हॉल्व्हर म्हणजे काय, हे आधी पाहू. जुनी ठासणीची बंदूक एकदा उडाली की पुन्हा दारू व गोळी ठासावी लागे. तोड्याच्या बंदुकीत पेटती वात लागे, चकमकीच्या बंदुकीत गारगोटीची ठिणगी लागे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ठोका बसताच पेट घेणारी तांब्याची लहान टोपी निघाली आणि वारापावसाची अडचण पुष्कळ कमी झाली. तरी एका ठासणीला एकच बार हा नियम कायम होता. दोन-चार नळ्या जोडून पाहिल्या, पण शस्त्र जड होई. रिव्हॉल्व्हरने नळी एकच ठेवली आणि तिच्या मागे पाच-सहा खोबणींचे फिरते चक्र बसवले. घोडा मागे ओढला की एक लहान पंजा चक्राच्या दात्याला ढकलतो, पुढची खोबण नळीसमोर येते, आणि एक खिट्टी चक्र तेथेच अडकवून ठेवते. मग चाप दाबायचा. ज्यांनी मागाचे रॅचेट चालताना पाहिले आहे, त्यांना हे समजण्यास अडचण पडू नये. कापड पुढे सरकवणारा दाता आणि पंजा ह्यांचेच हे भावंड आहे.

ही कल्पना कोल्टची एकट्याची नव्हे. बोस्टनच्या एलिशा कॉलियर ह्याने १८१८ मध्ये लंडनला चकमकीच्या रिव्हॉल्व्हरचे पेटंट घेतले होते, पण त्याचे चक्र हाताने फिरवावे लागे. घोड्याबरोबर चक्र आपोआप फिरवून जागी अडकवण्याची व्यवहारी रचना सॅम्युअल कोल्टने बाजारात आणली. ह्या माणसाचा जन्म अमेरिकेतील हार्टफर्ड गावी १८१४ मध्ये झाला. त्याच्या कथेत हिंदुस्थान लवकरच येतो. १८३० मध्ये सोळा वर्षांचा कोल्ट 'कॉर्व्हो' नावाच्या जहाजावर खलाशी म्हणून चढला, आणि ते जहाज कलकत्त्यास निघाले होते. जहाजाचे सुकाणूचक्र फिरून जागी थांबते, हे पाहून आपल्याला कल्पना सुचली व प्रवासातच आपण लाकडी नमुना कोरला, असे तो पुढे सांगत असे. कॉलियरची शस्त्रे त्याने आधी पाहिली असावीत, असा तर्क काही अभ्यासक करतात. खरे काहीही असो, घरी परतल्यावर पैसे उभे करण्यासाठी त्याने जे केले ते व्याख्यानमालेच्या श्रोत्यांना गंमतीचे वाटेल. 'कलकत्त्याचे डॉक्टर कोल्ट' अशी जाहिरात करून तो गावोगाव तिकीट लावून व्याख्याने देत फिरला. विषय होता हसवणारा वायू. लोकांना तो हुंगायला देऊन तो हसवत असे, आणि जमलेल्या पैशांतून पिस्तुलाचे नमुने करून घेत असे.

हे नमुने कोणी केले? कोल्ट स्वतः कसलेला लोहार वा फिटर नव्हता. आरंभीचे नमुने हार्टफर्डच्या अॅन्सन चेस ह्या कारागिराने घडवले. पुढचे, खरे कामाचे नमुने बाल्टिमोरच्या जॉन पिअर्सन ह्या बंदूकवाल्याने घडवले. पिअर्सनची पत्रे उपलब्ध आहेत. काम लवकर हवे म्हणून आपल्यामागे तगादा लावतात, पण मजुरी वेळेवर देत नाहीत, हे गाऱ्हाणे त्यांत आहे. आपल्या श्रेयाबद्दलचे त्याचे दुःख पुढे कित्येक वर्षे टिकले. युनियनच्या कचेरीत बसणाऱ्या आमच्यासारख्याला ती तक्रार वाचताना हे गाऱ्हाणे परक्या देशाचे वाटले नाही.

१८३६ मध्ये कोल्टला अमेरिकेचे पेटंट मिळाले आणि न्यू जर्सीतील पॅटरसन गावी, धबधब्याच्या पाण्यावर चालणारा कारखाना निघाला. माल महाग होता, नाजूकही होता, आणि लष्कराकडून मोठी मागणी आली नाही. १८४२ मध्ये कारखाना बुडाला. आज संग्राहक ज्या कोल्टसाठी सर्वांत जास्त पैसे मोजतात, त्यांत ह्या बुडालेल्या कारखान्याची पिस्तुले अग्रभागी आहेत, कारण ती थोडी झाली.

पॅटरसनची पुढची हकीकत भिवंडी तालुक्यातील वाचकांनी अवश्य ध्यानात ठेवावी. कोल्टच्या ह्याच इमारतीत रेशमाचे काम सुरू झाले आणि हळूहळू ते गाव अमेरिकेचे रेशीमनगर म्हणून ओळखले जाऊ लागले. १९१३ मध्ये तेथे सुमारे २५,००० रेशीम-कामगारांनी संप केला. ठिणगी पडली ती एका विणकराने दोनाऐवजी चार माग चालवावेत ह्या मालकांच्या हुकुमावरून. पाच महिने लढून ते कामगार हरले. कोल्टच्या कारखान्याचे पडके अवशेष आज तेथे राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत जपले आहेत. पिस्तूल आणि माग ह्यांचा संबंध आम्ही ओढूनताणून जोडत नाही. तो त्या भिंतींनीच जोडलेला आहे.

कोल्टचे नशीब मेक्सिकोच्या युद्धाने उघडले. १८४७ मध्ये सरकारकडून १,००० रिव्हॉल्व्हरांची मागणी आली. कॅप्टन सॅम्युअल वॉकर ह्याच्या सूचनांप्रमाणे केलेले हे शस्त्र दोन किलोच्या आसपास भरे. कोल्टजवळ तेव्हा कारखानाच नव्हता. म्हणून माल एलाय व्हिटनी ह्याच्या कारखान्यात तयार झाला. हा व्हिटनी म्हणजे कापसातून सरकी काढण्याचे यंत्र शोधणाऱ्या व्हिटनीचा मुलगा. त्यानंतर कोल्ट हार्टफर्डला परतला आणि १८५५ मध्ये नदीकाठी त्याने जो भव्य कारखाना उभारला, तो पाहण्यास दूरदूरचे लोक येत.

ह्या कारखान्याचा खरा शिल्पकार होता एलिशा रूट. मॅसॅच्युसेट्सच्या शेतकऱ्याचा हा मुलगा लहानपणी सूतगिरणीत कामाला होता. त्याने प्रत्येक भागासाठी निराळे यंत्र, निराळा साचा आणि निराळे माप ठरवले. एका कारागिराने पूर्ण पिस्तूल घडवायचे ही जुनी रीत गेली, आणि एका माणसाने दिवसभर एकच काम करायचे ही नवी रीत आली. फ्रान्सिस प्रॅट व अॅमॉस व्हिटनी ह्या दोघांनीही कोल्टकडे काम केले होते. त्यांनी १८६० मध्ये स्वतःचा यंत्रे बनवण्याचा धंदा काढला, तो पुढे जगप्रसिद्ध झाला. शिवणयंत्रे, टंकलेखन यंत्रे, सायकली ह्यांच्या कारखान्यांत ही पद्धत बंदुकांच्या कारखान्यांतून गेली. मागाचा एखादा भाग तुटला की आज आपण दुकानातून तसाच दुसरा आणून बसवतो. त्या सोयीचे मूळ शोधीत गेले तर ते बऱ्याच अंशी शस्त्रांच्या कारखान्यांपाशी पोचते.

मात्र येथे एक खुलासा केला पाहिजे. कोल्टच्या जाहिरातींवरून असे वाटे की, कोणत्याही पिस्तुलाचा भाग कोणत्याही पिस्तुलाला बसतो. प्रत्यक्षात यंत्रावरून निघालेला भाग शेवटी कानशीने घासून जुळवावा लागे. म्हणूनच एकाच शस्त्राच्या निरनिराळ्या भागांवर एकच क्रमांक ठोकलेला असे, म्हणजे जुळवलेली जोडी चुकू नये. आजचे संग्राहक 'सर्व क्रमांक जुळतात काय' असे प्रथम विचारतात. यंत्राने पुरे न केलेले काम माणसाच्या हाताने पुरे केले, त्याची ती खूण आहे.

कारखान्यात कंत्राटाची पद्धत होती. जागा, यंत्र, शक्ती आणि पोलाद कंपनीचे, परंतु एकेका विभागाचे काम एकेका कंत्राटदाराने घ्यायचे. तो आपली माणसे लावी आणि नगावर पैसे घेई. मजुराचा कंपनीशी थेट संबंध थोडाच. मीटरवर मजुरी मोजणाऱ्या आमच्या भागातील माणसास हे निराळे समजावून सांगण्याची गरज नाही. ह्या रीतीने १८५१ च्या 'नेव्ही' नमुन्याची सुमारे २,१५,००० रिव्हॉल्व्हरे हार्टफर्डला निघाली. त्यांच्या चक्रावर १८४३ च्या एका आरमारी लढाईचे चित्र आहे. ते प्रत्येकावर हाताने कोरलेले नसून ऑर्म्सबी नावाच्या कोरीवकाम करणाऱ्याने कोरलेल्या साच्यावर दाबून उठवलेले आहे. कोल्ट १८६२ मध्ये वारला. १८६४ मध्ये कारखान्याला मोठी आग लागली, आणि त्याच्या पत्नीने, एलिझाबेथ कोल्टने, तो पुन्हा उभा करवला.

आता दुसऱ्या दोन घराण्यांविषयी थोडे. होरेस स्मिथ व डॅनियल वेसन ह्यांनी १८५७ मध्ये तयार काडतूस मागून भरता येईल असे लहान रिव्हॉल्व्हर काढले. त्यासाठी चक्राची खोबण आरपार पाहिजे, आणि त्या आरपार खोबणीचे पेटंट होते रोलिन व्हाइट ह्याच्या नावे. हा व्हाइट एके काळी कोल्टच्या कारखान्यात काम केलेला माणूस. स्मिथ-वेसनने त्याला दर नगामागे पाव डॉलर देण्याचे ठरवले, पण करारात एक मेख होती. पेटंटाची नक्कल कोणी केली तर खटला व्हाइटने स्वखर्चाने लढवायचा. नकला पुष्कळ झाल्या, आणि मिळालेल्या पैशाचा मोठा भाग वकिलांकडे गेला. १८६९ मध्ये पेटंट संपले. मुदत वाढवून देण्याचा प्रयत्न झाला, तो राष्ट्राध्यक्ष ग्रँटने हाणून पाडला. करारावर अंगठा उमटवण्यापूर्वी शेवटचे कलम वाचावे, हा धडा ह्याहून स्पष्ट कोठे मिळणार?

दुसरे घराणे रेमिंग्टनचे. न्यूयॉर्क राज्यातील इलियन गावच्या ह्या कारखान्याची रिव्हॉल्व्हरे यादवी युद्धात उत्तरेच्या सैन्याने फार वापरली. कोल्टच्या सांगाड्याला वरून पट्टी नव्हती, रेमिंग्टनच्या सांगाड्याला ती होती, म्हणून ते अधिक भक्कम मानले जाई. युद्ध संपल्यावर कारखान्यापुढे कामाचा प्रश्न आला, आणि १८७३ च्या सुमारास त्यांनी टंकलेखन यंत्रे बनवण्यास घेतली. कोर्टाबाहेर बसून अर्ज टंकून देणाऱ्या लोकांमुळे आपल्याकडे रेमिंग्टन हे नाव माहीत झाले ते असे. कोल्टनेही १८७३ मध्ये काडतुसाचे प्रसिद्ध 'सिंगल ॲक्शन' रिव्हॉल्व्हर काढले. चित्रपटांतील घोडेस्वारांच्या कमरेला दिसते ते हेच.

ही शस्त्रे हिंदुस्थानात कशी आली? कोल्टने १८५३ ते १८५६ ह्या काळात लंडनला कारखाना चालवला होता. तेथे सुमारे ४२,००० 'नेव्ही' रिव्हॉल्व्हरे झाली. इंग्रज अधिकारी आपली शस्त्रे पदरच्या पैशाने घेत, आणि त्यांच्या सामानातून ती इकडे आली. लंडनच्याच रॉबर्ट अॅडम्सचे रिव्हॉल्व्हर त्यांची प्रतिस्पर्धी होती. १८७८ च्या शस्त्रकायद्याने हिंदी माणसास परवान्याशिवाय शस्त्र बाळगण्याची बंदी झाली, युरोपियनांस मात्र सूट राहिली. त्यामुळे आपल्या घरांत अशी वस्तू निघाली, तर ती बहुधा चाकरीच्या, बक्षिसाच्या किंवा लपवाछपवीच्या वाटेने आलेली असते.

लपवाछपवीचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण आपल्या महाराष्ट्रातले आहे. १९०९ मध्ये सावरकरांनी लंडनहून २० ब्राउनिंग पिस्तुले खोट्या तळाच्या पेटीतून मुंबईस पाठवली. त्याच वर्षी २१ डिसेंबरला नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे ह्यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या, त्या ब्राउनिंग पिस्तुलातून. कान्हेरे, कृष्णाजी कर्वे व विनायक देशपांडे ह्यांना १९ एप्रिल १९१० रोजी, येथून फार दूर नसलेल्या ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. ब्राउनिंग हे रिव्हॉल्व्हर नव्हे. त्याला फिरते चक्र नसते. पण त्याचा कर्ता जॉन ब्राउनिंग हा अमेरिकेच्या युटा प्रांतातला, आणि त्याची ही पिस्तुले बनवणारा कारखाना बेल्जियमच्या लिएज शहराजवळचा. डोके एका देशाचे, हात दुसऱ्या देशाचे, आणि इतिहास घडला तिसऱ्या देशात.

लिएजचे नाव आले म्हणून संग्राहकांचा एक महत्त्वाचा धडा सांगतो. कोल्टचे नाव गाजताच लिएजमध्ये त्याच्या नकला निघू लागल्या. काही परवान्याने, पुष्कळशा बिनपरवान्याने. त्यांवर कोल्टचे नावही ठोकलेले असे. तेव्हा नळीवरचे नाव हा पुरावा नव्हे. जाणकार माणूस चाचणीची खूण पाहतो. लिएजची खूण म्हणजे अंडाकृती चौकटीत ई, एल, जी ही तीन रोमन अक्षरे. लंडनच्या मालावर इंग्रजी चाचणीच्या खुणा असतात. अमेरिकन लष्कराने घेतलेल्या मालाच्या लाकडी मुठीवर तपासनिसाची आद्याक्षरे असतात. त्यानंतर क्रमांक जुळतात का, मूळची निळी झळाळी किती उरली आहे, आणि भाग बदलले आहेत का, हे पाहतात. घासूनपुसून चकचकीत केलेली वस्तू संग्राहकाच्या दृष्टीने जवळजवळ मेलेली असते, कारण घासताना खुणा जातात. जुने तांब्याचे भांडे चिंचेने उजळावे, पण जुने शस्त्र उजळू नये.

अमेरिकेत १८९८ पर्यंत बनलेली शस्त्रे १९६८ च्या कायद्याने पुराणवस्तू मानली आहेत, म्हणून तेथे त्यांचा उघड बाजार आहे. आपल्याकडे तसे नाही. आपल्या १९५९ च्या शस्त्रकायद्यात जुन्या घडणीच्या वा पुराणवस्तूचे मोल असलेल्या हत्यारास सूट आहे, पण ते दुरुस्त करूनसुद्धा गोळी झाडण्यास उपयोगी पडणार नाही, अशी अट आहे. हे कोणी ठरवायचे? घरमालकाने नव्हे. शिवाय १९७२ च्या पुराणवस्तू कायद्यामुळे शंभर वर्षांपूर्वीची वस्तू खाजगी माणसास परदेशी पाठवता येत नाही. तेव्हा विलायतेच्या लाखांची आशा कोणी दाखवली, तर ती तुरुंगाच्या दाराकडे नेणारी आशा समजावी. अशी वस्तू घरात सापडल्यास ती हलवू नये, तिचा घोडा ओढून पाहू नये, कारण शंभर वर्षांची दारूही कधी पेट घेते. पोलीस ठाण्यास कळवावे, त्यांना घरी बोलवावे आणि पावती घ्यावी.

आता शेवटची एक हकीकत. १९८६ च्या जानेवारीत हार्टफर्डच्या कोल्ट कारखान्यातील कामगार संपावर गेले, आणि तो संप सुमारे चार वर्षे चालला. मालकांनी बदली माणसे आणून काम सुरू ठेवले. १९८८ मध्ये सरकारी रायफलींचे मोठे कंत्राट कोल्टच्या हातून गेले, आणि ते मिळाले लिएजजवळच्या त्याच कारखान्याला, ज्याने ब्राउनिंगची पिस्तुले बनवली होती. १९९० मध्ये कंपनी विकली गेली, कामगार परत आले, आणि नव्या व्यवस्थेत त्यांना भागीदारी मिळाली. त्याने सगळे सुरळीत झाले असे नाही. १९९२ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला, आणि २०२१ मध्ये ती एका झेक कंपनीच्या मालकीची झाली. नळीवरचे नाव अजून कोल्टच आहे. मालक कितीदा बदलले, ते नाव सांगत नाही.

त्या रात्री आम्ही काकांना घेऊन ठाण्यात फोन केला. पोलीस कचेरीत आले, पंचनामा झाला, जबाब झाला आणि काकांना पावती मिळाली. त्यांच्या हाताला एक रुपया लागला नाही. पंचनामा चालू असताना नळीवर अंडाकृती चौकट दिसली, आणि बाजूस मुकुट व त्याखाली एक अक्षर. ती वस्तू कोल्टची नव्हतीच, ती लिएजची नक्कल होती. लाख नव्हते, आणि ते हाती येणारही नव्हते. काका कर्जाविषयी काही बोलले नाहीत. पावती घडी घालून खिशात ठेवली आणि म्हणाले, "भाऊ, मग हे बनवलं कोणी?"

ह्या प्रश्नाचे उत्तर आम्ही तेव्हा देऊ शकलो नाही. आज थोडे देता येते. लिएजच्या परिसरात त्या काळी हे काम घराघरांत चाले. एका घरी नळी, दुसऱ्या घरी चाप-घोडा, तिसऱ्या घरी मूठ, आणि व्यापारी ते भाग गोळा करी. मुकुटाखालचे अक्षर तपासनिसाचे. चौकट चाचणीगृहाची. नाव कोल्टचे. ज्याने कानस चालवली, त्याची त्या वस्तूवर काहीच खूण नव्हती. आमच्या घरांत हातमागावर लुगडी विणणाऱ्यांचीही ती कोठे राहिली?

म्हणून आमची एक विनंती आहे. कोणा वाचकास संग्रहालयात जुने पिस्तूल पाहण्याचा योग आला, तर काचेपुढे उभे राहून ते किती लाखांचे असेल, हा प्रश्न मनात जरूर येऊ द्यावा. तो आमच्याही मनात येतो. पण त्याच्यापाठोपाठ आमच्या काकांचा दुसरा प्रश्नही विचारावा.